प्रवाळ लावता येतं. आधी नांगर उचला

मुळशी धरणात साठणारं पाणी निसर्गाच्या हिशेबाने बंगालच्या उपसागराचं. मुळा, मुळा-मुठा, भीमा, कृष्णा हा त्याचा मूळ रस्ता. पण टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७ साली सुरू झालं आणि तेव्हापासून हे पाणी सह्याद्री उतरून कोकणात जायला लागलं. तिथे ते वीज तयार करतं, कुंडलिकेला मिळतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्रात शिरतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते भिऱ्याहून सुटणाऱ्या याच पाण्याच्या जिवावर. म्हणजे पौडच्या डोंगरावरून समुद्र दिसत नसला, तरी आमच्या मुळशी तालुक्याचं पाणी जवळपास शंभर वर्षांपासून त्यात पडतंय.

पाण्यामागून आता माणसंही निघाली आहेत. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. तिथल्या कंपन्या सुटल्या की शुक्रवारी रात्री पौड, ताम्हिणी, माणगाव असा गाड्यांचा ओघ कोकणाकडे लागतो. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत दर मोठ्या सुटीला हेच चित्र. यातल्या कित्येकांचा मुक्काम मालवण, तारकर्ली, देवबाग इथे असतो आणि तिथे पोचल्यावर पहिलं काम असतं स्कूबा डायव्हिंग. कमरेला वजनाचा पट्टा, तोंडात नळी, बाजूला हात धरणारा गाइड आणि समोर पाण्यातला कॅमेरा. काही मिनिटांत माणूस वर येतो. त्याच्या मोबाइलमध्ये आयुष्यभर दाखवायचा व्हिडिओ असतो. त्या व्हिडिओत माशांच्या मागे जो पिवळट-तपकिरी खडक दिसतो, तो खडक नसतो. तो जिवंत असतो.

त्या जिवंत गोष्टीला गेल्या काही वर्षांत बरीच इजा झाली आहे. ती भरून काढण्याचे, म्हणजे प्रवाळ पुन्हा लावण्याचे, प्रयोगही मालवणच्या पाण्यात झाले आहेत. या प्रयोगांबद्दल मला आदर आहे. पण प्रवाळ लावण्याची बातमी आपल्याला जितकी आवडते, तितकी ते मोडू न देण्याची आवडत नाही. हा लेख त्यासाठी लिहिला आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहे, हेच आपल्याला उशिरा कळलं. शाळेच्या भूगोलात प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात. सह्याद्रीवरून पावसाळ्यात उतरणारं गढूळ पाणी आणि खाड्यांचा गाळ यांमुळे कोकणात प्रवाळ टिकणार नाही असं धरून चाललेलं होतं. १९७९ मध्ये कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळाची नोंद केली आणि मालवणकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. एप्रिल १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटरचा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. त्या किल्ल्याच्या आणि शेजारच्या पद्मगडाच्या आसपास, काही मीटर खोलीवर, हे प्रवाळ आहे.

लक्षद्वीपसारखी सलग भिंत इथे नाही. खडकाळ तळावर तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या वसाहती आहेत. टर्बिनेरिया नावाची जात इथे ठळक दिसते. तिचे पापुद्रे कोबीच्या पानांसारखे एकात एक वळलेले असतात. पोराईट्सचे गोलसर उंचवटे आहेत, गोनिॲस्ट्रिया आहे, इतरही काही जाती आहेत. गढूळ पाण्यात, पावसाळ्यातल्या गोड्या पाण्याच्या लोटात आणि कमी उजेडात तग धरणारं हे प्रवाळ काटक आहे. काटक म्हणजे अभंग नव्हे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

प्रवाळ म्हणजे नेमकं काय? एक अगदी लहान प्राणी, त्याला पॉलिप म्हणतात. मऊ शरीर, तोंडाभोवती बारीक शुंडकं. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःखाली कडक घर बांधतो. असे हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून एक वसाहत होते. त्यांच्या कातडीत सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्यातूनच येतो. रंगही त्या शैवालाचाच. पोराईट्ससारखं गोळा होऊन वाढणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे हातभर उंचवटा हे पन्नासेक वर्षांचं काम. तुमच्या फिन्सच्या एका फटक्याने जो तुकडा उडतो, त्याची भरपाई व्हायला तुमची नोकरी संपून निवृत्तीचं वय येतं.

जगात समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळाने व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या सुमारे पाव जीवजाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्याच्या आश्रयाला असतात. मासळीची पिल्लं तिथे लपतात, वाढतात आणि मग बाहेर येतात. मालवणच्या रापणकरांच्या, म्हणजे पारंपरिक मच्छीमारांच्या, जाळ्यात जे येतं, त्यातलं काही या कपारींतून येतं.

या रापणकरांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय मालवणच्या प्रवाळाची गोष्ट अर्धीच राहते. अभयारण्य जाहीर झालं ते मच्छीमारांना विश्वासात न घेता. आपल्या पिढीजात पाण्यात आपल्यालाच बंदी येणार, या भीतीने त्यांनी विरोध केला आणि तो विरोध अजून पुरता गेलेला नाही. दुसरीकडे बाहेरून येणारे पर्ससीनवाले, एलईडी दिवे लावून मासळी ओढणाऱ्या बोटी आणि ट्रॉलर यांच्याशी याच पारंपरिक मच्छीमारांचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. तळ खरवडणारं ट्रॉलरचं जाळं प्रवाळाचंही वैरी आणि रापणकराचंही. म्हणजे मालवणच्या समुद्राचे खरे पहारेकरी होऊ शकले असते ती माणसं आपण पहिल्या दिवशीच समोरच्या बाजूला उभी केली. माझ्या मते अभयारण्याच्या इतिहासातली ही सगळ्यांत महाग पडलेली गोष्ट आहे.

याला थोडा उतारा मिळाला तो २०११ नंतर. केंद्र सरकार, जागतिक पर्यावरण निधी आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचा एक प्रकल्प सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सुरू झाला आणि २०१७ पर्यंत चालला. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. खेकडापालन, कांदळवन सफरी, कासव संवर्धन अशी कामं गावागावांत उभी राहिली. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने किनाऱ्यावरची तरुण मुलं रीतसर डायव्हर झाली. मासेमारी परवडेना तेव्हा या मुलांच्या हाताला पाण्यातलंच काम मिळालं.

प्रवाळ लावण्याचा प्रयोगही याच प्रकल्पातला. तमिळनाडूतल्या तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने तो मालवणच्या समुद्रात केला. या संस्थेला मन्नारच्या आखातात २००२ पासून प्रवाळ लावण्याचा अनुभव आहे.

हे काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. जिवंत वसाहत फोडून रोपं करायची, अशी अनेकांची कल्पना असते. शहाणे लोक शक्यतो तसं करत नाहीत. लाटेने, नांगराने किंवा जाळ्याने आधीच तुटून वाळूत पडलेले तुकडे ते शोधतात, कारण वाळूत पडलेला तुकडा गाळाखाली गुदमरून मरणारच असतो. डायव्हर तो उचलून समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या टबात ठेवतो, कारण उन्हात उघडा राहिला तर तो फार वेळ टिकत नाही. मग मेलेला भाग छिन्नीने किंवा पकडीने काढून टाकतात. उरलेला बोट-दोन बोट लांबीचा जिवंत तुकडा नायलॉनच्या दोऱ्याने सिमेंटच्या छोट्या लादीवर आवळून बांधतात. दोरा सैल राहिला तर तुकडा लाटेबरोबर हलत राहतो, घासला जातो आणि पॉलिप मरतात. अशा लाद्या काँक्रीटच्या किंवा लोखंडी चौकटीवर ओळीने बसवतात आणि चौकट तळावर ठेवतात. चौकटीला पाय असतात, कारण तुकडा गाळापासून वर राहायला हवा.

इथपर्यंतचं काम काही दिवसांचं. खरं काम यानंतरचं. लादीवर शैवाल वाढतं, ते ब्रशने घासून काढावं लागतं. प्रवाळ खाणाऱ्या गोगलगाई वेचाव्या लागतात. चौकटीत अडकलेली तुटकी जाळी सोडवावी लागतात. महिन्यांमागून महिने गेले की प्रवाळ दोऱ्यावर स्वतःचं कातडं चढवतं आणि दोरा आत गडप होतो, तेव्हा ते लागलं असं म्हणायचं. पावसाळ्यात मालवणचं पाणी इतकं गढूळ आणि खवळलेलं असतं की महिनोन्‌महिने खाली उतरताच येत नाही. नेमक्या त्या काळात काय झालं, ते पाणी निवळल्यावरच कळतं.

जगभर या कामाची मोठी अडचण हीच आहे, की लावणाऱ्यांचा उत्साह टिकतो आणि देखरेखीचा पैसा संपतो. २०२० मध्ये जगातल्या साडेतीनशेहून अधिक प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात लावलेल्या प्रवाळापैकी सरासरी साठ ते सत्तर टक्के जगल्याचं दिसलं, म्हणजे तंत्र वाईट नाही. पण याच आढाव्यात असंही आढळलं, की सुमारे साठ टक्के प्रकल्पांनी अठरा महिन्यांहून कमी काळ लक्ष ठेवलं होतं. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्या जिवाच्या बाबतीत दीड वर्ष म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे वृक्षारोपणाचं जे होतं तेच समुद्रातही होतं. खड्डे खणताना फोटो, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिथे कोणी फिरकत नाही.

मग हे काम यशस्वी कुठे झालं? दोन ठिकाणं शेजारीशेजारी ठेवून पाहिली की बरंच उमगतं.

पहिलं इंडोनेशियातलं सुलावेसी. तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वी मच्छीमारांनी स्फोटकं टाकून मासळी मारली. प्रवाळभित्तीचा चुरा झाला. चुरा लाटांबरोबर सतत सरकत राहतो, त्यामुळे प्रवाळाच्या अळीला बसायला स्थिर जागाच मिळत नाही, आणि स्फोट थांबल्यावरही तळ उजाड राहतो. तिथे वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी षटकोनी चौकटी एकमेकींना जोडून चुऱ्यावर जाळं पसरलं आणि त्यावर प्रवाळ बांधलं. २०२४ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या इनेस लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की चार वर्षांत या लावलेल्या भित्तीची वाढ शेजारच्या निरोगी भित्तीइतकी झाली. मात्र लावलेलं प्रवाळ मुख्यतः फांद्यांचं, भराभर वाढणारं आणि उष्णता कमी सोसणारं. जातींचं वैविध्य अजून मूळ भित्तीइतकं नाही.

दुसरं ठिकाण अमेरिकेतलं फ्लोरिडा. तिथे प्रवाळाच्या रोपवाटिका जगप्रसिद्ध. एक संस्था दशकाहून अधिक काळ सॉम्ब्रेरो नावाच्या भित्तीवर प्रवाळ लावत होती. जुलै २०२३ मध्ये तिथलं पाणी असं तापलं की एका उथळ उपसागरातल्या यंत्राने ३८.४ अंश सेल्सियसची नोंद केली. २० जुलैला संस्थेचे डायव्हर सॉम्ब्रेरोवर उतरले तेव्हा तिथलं सगळं प्रवाळ मेलेलं होतं. उरलेल्या रोपवाटिका वाचवण्यासाठी रोपं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली.

तंत्र दोन्हीकडे चांगलं, माणसं दोन्हीकडे मेहनती. फरक एवढाच, की सुलावेसीत प्रवाळ ज्याने मेलं ते कारण आधी थांबलं होतं, आणि फ्लोरिडात ते वाढतच होतं. मन्नारच्या आखाताचा धडाही याच जातीचा. तिथे चुन्यासाठी प्रवाळ खणून नेत असत. २००१ मध्ये प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे कायद्याने ते वाघाच्या पंक्तीला आलं. २००४ च्या सुनामीनंतर ज्या बेटांपुढे प्रवाळ शाबूत होतं तिथे लाटेचा जोर मोडतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि खाणकाम थांबलं. लावलेलं प्रवाळ जगायला त्यानंतर जागा झाली.

उष्णतेचं कारण मालवणच्या हातात नाही, हे मान्य करायलाच हवं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभराने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या कातडीतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लवकर पाणी निवलं तर ते सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. मालवणचं प्रवाळ असं पांढरं पडल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी दहा वर्षांपूर्वीच केली आहे. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे तडाखे बसले. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी १९९८ ते २०२२ अशी चोवीस वर्षं तिथे मोजमाप केलं, तेव्हा जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरं पडण्याची जागतिक पातळीवरची चौथी लाट जाहीर केली. २०२५ च्या वसंतापर्यंत जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला त्या उष्णतेची झळ पोचली होती.

हे आकडे वाचून हात गळतात. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण तापलेल्या पाण्यात तेच प्रवाळ सावरतं जे आधीपासून धडधाकट आहे. नांगराने तुटलेलं, गाळाने झाकलेलं, सांडपाण्याने रोगट झालेलं प्रवाळ पहिल्याच उन्हाळ्यात जातं. जागतिक तापमान मालवणच्या ग्रामसभेत कमी होणार नाही. नांगर, गाळ आणि सांडपाणी मात्र तिथे कमी होऊ शकतं.

आता नांगराकडे येतो. सुटीच्या दिवशी सकाळी किल्ल्यासमोर उभं राहिलं तर दिसतं ते असं. होड्या एकीमागून एक येतात. प्रवाळ चांगलं दिसतं अशा मोजक्याच जागा आहेत, त्यामुळे सगळ्या तिथेच गर्दी करतात. होडी स्थिर ठेवायला नांगर खाली जातो. नांगर वाळूत पडला तर ठीक, खडकात पडला तर त्याचे दात प्रवाळात अडकतात. वाऱ्याने होडी फिरली की नांगराचा दोर तळावर अर्धवर्तुळ घासत जातो. निघताना नांगर ओढला की अडकलेला तुकडा मोडूनच वर येतो. मग मासे जमावेत म्हणून पाव किंवा बिस्किटं टाकली जातात. पोहता न येणारा पर्यटक घाबरून पाय मारतो, तळाचा गाळ उडवतो आणि आधाराला हाताशी येईल ते धरतो. हाताशी येतं ते प्रवाळ. गाइड ओरडू शकत नाही, पाण्यात आवाज फुटत नाही. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते, कारण दर कमी आणि फेऱ्या जास्त असं हे गणित आहे.

गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा अभ्यास करून २०२० मध्ये तो एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. मालवण अभयारण्यातल्या पर्यटकी डायव्हिंगमुळे प्रवाळाची मोडतोड होते आणि त्याला कोणीही उत्तरदायी नाही, असा त्याचा रोख आहे. अभयारण्य वन विभागाचं, बोटीचा परवाना मेरीटाइम बोर्डाचा, पर्यटन महामंडळाचं, मासेमारी मत्स्य खात्याची. प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे आणि तळावरचं प्रवाळ कोणाच्याच वहीत नाही.

या बेजबाबदारपणाची किंमत प्रवाळच देतं असंही नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. एका बोटीत किती माणसं, एका जागी किती बोटी, पाण्यात एका गाइडमागे किती जण, हे प्रश्न माणसाच्या सुरक्षेचे आहेत आणि प्रवाळाच्याही. उत्तर एकच आहे: मर्यादा.

मुंबईतला प्रसंग इथे आठवतो. किनारी रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ असल्याचं पुढे आलं. मरीन लाइफ ऑफ मुंबई या नागरिकांच्या गटाने २०१७ पासून ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरून मुंबईच्या किनाऱ्यावरचे जीव लोकांना दाखवायला सुरुवात केली होती, म्हणून या शहराला आपल्याकडे प्रवाळ आहे हे मुळात कळलं. कायद्याने ते पहिल्या अनुसूचीतलं. मग परवानग्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली अठरा वसाहती उचलून दुसऱ्या जागी लावण्यात आल्या. शास्त्रज्ञांनी काम काळजीने केलं. पण मुळशीच्या माणसाला ही गोष्ट ऐकताना आपला इतिहास दिसतो. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सेनापती बापटांच्या साथीने आमच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. धरण झालंच. भातखाचरं पाण्याखाली गेली, गावं उठली, आणि उठलेल्या माणसांना मिळालेल्या मोबदल्यात ती खाचरं परत मिळाली नाहीत. प्रकल्प आधी ठरतो आणि जो जागेवर आहे त्याला हलवण्याची सोय नंतर पाहिली जाते, हा क्रम शंभर वर्षांत बदललेला नाही. अठरा वसाहती हलवता आल्या, म्हणून यापुढे कुठलंही प्रवाळ हलवता येतं असा अर्थ कोणी काढू नये, ही भीती मला खरी वाटते.

आणि आता नवं आकर्षण आहे जहाजाचं. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार हे जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आलं. वेंगुर्ल्याजवळ निवती रॉकच्या परिसरात ते समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याची योजना आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. माझा या योजनेला विरोध नाही. बुडवलेल्या जहाजांवर मासे जमतात, आणि डायव्हरांची गर्दी जहाजाकडे वळली तर किल्ल्याभोवतीच्या प्रवाळाला श्वास मिळेल. पण लोखंडी सांगाड्याला प्रवाळभित्ती म्हणून तेवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही. लोखंडावर प्रवाळ बसायला आणि वाढायला वर्षानुवर्षं लागतील, आणि तेही जवळपास बीज सोडणारं जिवंत प्रवाळ उरलं असेल तरच. एका जहाजाला ४६ कोटी मिळतात. मग किल्ल्याभोवती कायमचे बोये लावायला आणि ते दर पावसाळ्यानंतर दुरुस्त करायला त्याचा लहानसा हिस्सा का मिळू नये?

बोया ही फार साधी गोष्ट आहे. तळावर प्रवाळ नसलेल्या जागी एकदाच वजन पक्कं करायचं, त्याला दोर आणि वर तरंगता पिंप. येणारी होडी पिंपाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. बोये जितके, तितक्याच होड्या, म्हणजे गर्दीची मर्यादाही आपोआप ठरते. बोये सांभाळायचं काम तिथल्याच मच्छीमार आणि डायव्हर मुलांना पगारी द्यावं. हे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेलं कासव किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू झाली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या कितीतरी मच्छीमारांनी जाळी कापून जीव सोडले. कोकणातला माणूस समुद्राच्या विरोधात कधीच नव्हता. त्याच्या पोटाचा विचार केला की तो पुढे येतो.

गाळाचा प्रश्न मात्र मालवणला एकट्याला सोडवता येणार नाही. कर्लीची खाडी, गडनदी, आचऱ्याची खाडी या सगळ्या वरच्या डोंगरातली माती खाली आणतात. डोंगर कापून प्लॉट पाडले, खाणी खणल्या, झाडं गेली की पहिल्याच पावसात लाल पाणी समुद्रात जातं आणि ते प्रवाळावर बसतं. हे आम्हा मुळशीकरांना शिकवायला नको. ताम्हिणीच्या पावसात, फार्महाउससाठी उघड्या केलेल्या उतारावरून काय वाहून येतं ते आम्ही दर जुलैत पाहतो. रेवदंड्याच्या पाण्यात काय मिसळतं याला आमचा तालुकाही जबाबदार आहे. डोंगरउतारावर जेसीबी लावण्याची परवानगी देताना खाली समुद्र आहे याचं भान पौडच्या तहसील कचेरीतही हवं.

आणखी एक ठिकाण नजरेआड होऊ नये: आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात बुडालेलं हे पठार. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्यामुळे तिथलं पाणी नितळ आणि प्रवाळ सुस्थितीत. डिसेंबर २०१९ मध्ये सागर संपदा या संशोधन जहाजावरून तिथे मोहीम झाली. ही जागा राज्याच्या सागरी हद्दीबाहेर असल्यामुळे वन्यजीव कायद्याने अभयारण्य करता येत नाही; केंद्राच्या सागरी क्षेत्र कायद्याखाली संरक्षण द्यावं असा निर्णय राज्याने २०२० मध्ये घेतला. त्याचा पाठपुरावा नेटाने व्हायला हवा. मालवणला तुटलेलं जोडायचं आहे. आंग्रियाला अजून काही तुटलेलं नाही. जिथे तुटलेलं नाही तिथे खर्च सगळ्यांत कमी लागतो.

प्रवाळ लावण्याचं काम चालू राहावं. गुजरातेत मिठापूरला वन विभाग, टाटा केमिकल्स आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया २००८ पासून एकाच भित्तीपाशी टिकून आहेत. कच्छच्या आखातातून नाहीशी झालेली ॲक्रोपोराची जात त्यांनी लक्षद्वीपहून आणून तिथे लावून पाहिली. एका जागी इतकी वर्षं राहण्याची ही चिकाटी मालवणलाही मिळावी. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने किनाऱ्यावर सध्या जो हवामान-सक्षमतेचा कार्यक्रम चालू आहे त्यात सिंधुदुर्ग आहे. त्या पैशातून चौकटी जरूर घ्याव्यात, पण चौकटींआधी बोये घ्यावेत आणि दहा वर्षांच्या देखरेखीचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावा. नाहीतर लावलेलं प्रवाळ त्याच नांगराखाली जाईल ज्याने पहिलं मोडलं.

उरलेलं तुमच्याकडे, म्हणजे या सुटीत गाडी काढून ताम्हिणी उतरणाऱ्यांकडे. होडीत पाय ठेवण्याआधी विचारा: होडी कशाला बांधणार, बोयाला की नांगराला? नांगर म्हणाले तर दुसरी होडी पाहा. एका गाइडमागे किती माणसं आहेत ते विचारा. पोहता येत नसेल तर आधी तलावात शिका, मग समुद्रात उतरा. मासे जमवायला पाव टाकू नका, दुसऱ्याने टाकला तर हटका. खाली गेलात की हात छातीशी धरा. फोटोसाठी प्रवाळाला हात लावायला सांगणारा गाइड भेटला तर वर येऊन त्याच्या मालकाला सांगा. आणि जो गाइड तुमचा हात बाजूला करेल, त्याला ठरलेल्या पैशांपेक्षा शंभर रुपये जास्त देऊन या.